जपानमध्ये अंग चेपून घेण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साकुरा (चेरी) फुलायचे दिवस आले की तोक्योतल्या आमच्या निशी-कासाईच्या घरी पाहुण्यांची रांग लागते. दोन दिवस तोक्यो, एक दिवस फुजी, मग क्योतो, आणि रोजची वीसेक हजार पावलं. तिसऱ्या संध्याकाळी कुणीतरी सोफ्यावर पाय वर घेऊन हमखास विचारतं, "अरे, तो जपानी मसाज म्हणतात तो कसा असतो रे?" काही जण घरात सगळ्यांसमोर विचारतात, काही जण रात्री उशिरा व्हॉट्सअ‍ॅपवर, जरा आडवळणाने. दोघांनाही उत्तर एकदाच लिहून ठेवतो.

जपानी मसाज म्हणजे नक्की काय? आपल्या मालिशीसारखंच ना?

नाही, आणि गंमत म्हणजे फरक सांगायला लागणारे शब्द आपल्याकडे तयार आहेत. आपण तेल लावून अंग *चोळतो*, पहिलवान अंग *रगडून* घेतो, आणि दमून आलेल्या आजोबांचे पाय नातू *चेपतो*. जपानची खासियत आहे ती या तिसऱ्या क्रियापदात. शिआत्सु या शब्दाची फोड सरळ आहे: 'शि' म्हणजे बोट, 'आत्सु' म्हणजे दाब. अंगठा ठेवायचा, शरीराचा भार हळूहळू त्यावर सोडायचा, तीन ते पाच सेकंद थांबायचं, तितक्याच हळू उचलायचा आणि बोटभर पुढे सरकायचं. तेल नाही, क्रीम नाही, घासाघीस नाही.

त्याआधीचा जुना प्रकार म्हणजे आन्मा. हा चीनमधून आला. 'आन' म्हणजे दाबणं, 'मा' म्हणजे चोळणं. आठव्या शतकातल्या जपानी कायद्यांत दरबारच्या वैद्यक खात्यात आन्मा करणाऱ्यांची पदं नोंदलेली आहेत, म्हणजे हे खूळ स्पावाल्यांनी काल काढलेलं नाही. तेलाचा पाश्चात्त्य मसाज तिथे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पोहोचला. आज एखाद्या ठिकाणी आत गेलात तर बहुधा या तिन्हींची थोडी थोडी मिसळ मिळते, पण पाया चेपण्याचाच.

माझ्या मावशीला हे सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न होता, "तेलच नाही, मग पैसे कसले घेतात?"

इंटरनेटवर 'जपानी फुल बॉडी जेल मसाज' दिसतो, तो हाच का?

नाही. रात्री उशिराचे मेसेज याचसाठी असतात, म्हणून आडपडदा न ठेवता लिहितो.

त्या जाहिरातींत 'नुरु' असा शब्द असतो. जपानीत 'नुरुनुरु' म्हणजे बुळबुळीत. हातातून निसटणारी ईल मासळी नुरुनुरु असते. काही गरम झऱ्यांच्या पाण्याने त्वचा साबण लावल्यासारखी गुळगुळीत लागते, त्यालाही नुरुनुरु म्हणतात आणि त्याचं कौतुक करतात. (भेंडी मात्र त्यात बसत नाही. तार सुटणाऱ्या चिकट गोष्टीसाठी 'नेबानेबा' हा वेगळा शब्द आहे. बुळबुळीत आणि तारेचं यांत गल्लत केलेली जपानी माणसाला चालत नाही.) शब्द असा साधा, पण मसाजाला जोडून येतो तेव्हा त्याचा उगम वैद्यकात किंवा परंपरेत नाही, प्रौढांसाठीच्या स्नानगृहांच्या धंद्यात आहे. ही स्नानगृहं आधी 'तोरुको-बुरो', म्हणजे तुर्की हमाम, या नावाने चालायची. आपल्या देशाचं नाव असल्या धंद्याला लावल्याबद्दल एका तुर्की विद्यार्थ्याने आवाज उठवला, तेव्हा १९८४ साली नाव बदलून 'सोपलँड' केलं गेलं. जपानचा वेश्याव्यवसायविरोधी कायदा १९५६ चा आहे, आणि योगायोग असा की आपलाही १९५६ चाच. तिथे हा धंदा कायद्यातल्या फटींतून चालतो, आपल्याकडे 'स्पा'च्या पाटीमागून.

मग काय अपेक्षा ठेवावी? तुम्हाला पाठीचा आखडलेपणा घालवायचा असेल तर काहीच ठेवू नका. ती लैंगिक सेवा आहे, मसाज हे फक्त तिचं नाव. 'समुद्री शेवाळाचं शुद्ध जेल' म्हणून जे खपवतात त्या बऱ्याचशा बाटल्यांवर घटक वाचले तर पाणी आणि सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेट निघतं. लहान मुलांच्या डायपरमध्ये ओल शोषणारी पूड असते, तिच्याच घराण्यातलं हे रसायन. ओल्या फरशीवर त्याने पाय असा सटकतो की कंबर दुखत नसेल त्याचीही दुखायला लागावी. आणि त्या खोलीत समोरची बाई स्वतःच्या मर्जीने आहे की कुणाच्या कर्जात अडकून, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. मला हे पुरेसं कारण वाटतं. तोक्योतल्या काबुकिचो या रंगेल वस्तीच्या रस्त्यावर "मासाजी? मासाजी?" करत मागे लागणारे लोक भेटतील, त्यांच्याशी हुज्जत न घालता चालत राहा. असं रस्त्यावर गिऱ्हाईक ओढणं तिथे बेकायदेशीर आहे, आणि आत गेल्यावरचं बिल बोलीपेक्षा भलतंच मोठं निघू शकतं.

मग योग्य दुकान ओळखायचं कसं?

पाटीवरून. थोडी तोंडओळख हवी.

'कोक्का शिकाकु' म्हणजे सरकारी परवाना. आन्मा-मसाज-शिआत्सु ही जपानमध्ये डॉक्टर-नर्ससारखी परवान्याची विद्या आहे. १९४७ चा कायदा आहे, बारावीनंतर किमान तीन वर्षांचं शिक्षण, त्यात शरीररचना, शरीरक्रिया, रोगविज्ञान हे सगळं, आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा. अशा माणसाच्या जागेला बहुधा 'चिर्योइन' म्हणजे उपचारगृह म्हणतात. परवानाधारकांना फोटो असलेलं ओळखपत्रही मिळतं. ते मागितलं तर कुणी रागावत नाही.

'मोमिहोगुशी', 'सेइताइ', 'रिलॅक्सेशन' या पाट्या स्टेशनाच्या आसपास पावलोपावली दिसतात. इथे परवाना लागत नाही. कायद्याच्या भीतीने ते स्वतःच्या कामाला 'मसाज' म्हणायचंही टाळतात. 'मोमिहोगुशी'चा अर्थ मळून मोकळं करणं, कणकेसारखं. हात चांगला असलेली माणसं इथेही पुष्कळ असतात, पण कुणाच्या हाती पडाल ते नशिबावर. जपानच्या ग्राहक संरक्षण खात्याने २०१७ साली अशा ठिकाणी होणाऱ्या दुखापतींबद्दल लोकांना सावध केलं होतं.

'सेक्कोत्सुइन' म्हणजे हाडवैद्याचं सुधारलेलं, परवानाधारक रूप. तिथले लोक ज्युदोच्या परंपरेतून आलेले. पाय मुरगळला तर तिथे जा, अंग दुखतंय म्हणून नाही.

आणि रात्री दोनपर्यंत उघडी, आत काय आहे ते काचेतून दिसत नाही आणि पाटीवर दरापेक्षा मुलींचे फोटो मोठे, अशी जागा कसली हे वेगळं सांगायला नको.

शिआत्सु कुणी काढलं?

तोकुजिरो नामिकोशी. जन्म १९०५, शिकोकु बेटावरच्या कागावा प्रांतातला. मुलगा सात वर्षांचा असताना कुटुंब थेट उत्तरेला, होक्काइदोच्या थंडीत राहायला गेलं. तिथे आईचे सांधे धरले. गावात डॉक्टर नव्हता, म्हणून मुलं आळीपाळीने आईचं अंग दाबून द्यायची. आईने सांगितलं की तोकुजिरोचा हात सगळ्यांत बरा वाटतो. पोरगा दाबून दाबून शिकला: कुठे गार लागतं, कुठे ताठ, कुठे किती जोर लावायचा. १९२५ साली त्याने होक्काइदोत उपचारगृह काढलं आणि १९४० साली तोक्योत शाळा. १९५५ मध्ये 'शिआत्सु' हा शब्द कायद्यात आला. १९५४ साली मेरिलिन मनरो नवऱ्याबरोबर मधुचंद्राला जपानमध्ये आली आणि तिचं पोट दुखू लागलं, तेव्हा नामिकोशींनाच बोलावलं होतं. त्यानंतर ते घराघरांत माहीत झाले. टीव्हीवर दोन्ही अंगठे वर करून ते म्हणायचे, "शिआत्सुचं मन म्हणजे आईचं मन, दाबलं की जीवनाचा झरा वाहतो." चौऱ्याण्णव वर्षं जगले, २००० साली गेले.

आजीचे पाय चेपणारी नातवंडं आपल्याकडे घरोघरी होती. त्यातल्या कुणी शाळा काढली नाही, एवढंच.

जपानमध्ये अंध लोक मसाज करतात असं ऐकलंय, खरं का?

खरं, आणि या विषयातला मला सगळ्यांत आवडणारा भाग हाच.

एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) आन्मा हा दृष्टिहीनांचा व्यवसाय होता. संध्याकाळी हातात काठी आणि ओठांत छोटी शिट्टी घेऊन आन्मावाले गल्लीतून जायचे. शिट्टी ऐकली की ज्याचं अंग दुखतंय तो दार उघडायचा. या सगळ्यांचा मूळपुरुष म्हणता येईल असा माणूस म्हणजे सुगियामा वाइचि, सतराव्या शतकातला अंध सुईवैद्य (अ‍ॅक्युपंक्चर करणारा). आन्मा आणि सुईचिकित्सा शिकवणाऱ्या अंधांसाठीच्या शाळा त्याने उभ्या केल्या. त्याची एक गोष्ट सांगतात. शोगुन (लष्करी सत्ताधीश) त्सुनायोशी त्याच्या उपचाराने खूश झाला आणि म्हणाला, "काय हवं ते माग." वाइचि म्हणाला, "एक डोळा." शोगुन विचारात पडला आणि त्याने त्याला होंजो भागातली 'हितोत्सुमे' नावाची जागा दिली. 'हितोत्सुमे' म्हणजे एक डोळा. तोक्योच्या सुमिदा भागात त्या जागी आजही त्याच्या नावाचं देऊळ आहे.

ही परंपरा कायद्यानेही जपली आहे. डोळस लोकांसाठी नव्या मसाज-शाळा काढण्यावर १९६४ पासून निर्बंध आहेत, दृष्टिहीनांची भाकरी जाऊ नये म्हणून. एका शिक्षणसंस्थेने त्याविरुद्ध दावा लावला. २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध घटनेला धरून असल्याचा निकाल दिला.

तोक्योतल्या मोठ्या कंपन्यांत 'हेल्थ कीपर' नावाची नोकरी असते: दृष्टिहीन, परवानाधारक मसाजतज्ज्ञ, कंपनीच्या पगारावर. आमच्या ऑफिसातही आहेत. सर्व्हर रूमच्या शेजारी एक खिडकी नसलेली खोली, एक पलंग, बोलणारं घड्याळ. सगळे त्यांना सेन्सेइ, म्हणजे गुरुजी, म्हणतात. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी माझ्या दोन्ही खांद्यांवर नुसते तळहात ठेवले, दाबलंही नाही, आणि विचारलं, "मूल डाव्या कडेवर घेता का?" मुलगी तेव्हा दीड वर्षाची होती आणि डाव्याच कडेवर असायची. मग डाव्या फऱ्याच्या आतल्या कडेला त्यांचा अंगठा बसला तो जणू त्या जागेचा पत्ता माहीत असल्यासारखा. मी 'आई गं' म्हटलं. ते म्हणाले, "हे जपानी नव्हतं, पण कळलं."

आत गेल्यावर काय काय होतं?

दारात चपला-बूट काढायचे. हे आपल्याला शिकवावं लागत नाही. मग एक फॉर्म: कुठे दुखतं, काही आजार, शस्त्रक्रिया, औषधं, गरोदर आहात का. शरीराचं चित्र असतं, त्यावर दुखऱ्या जागी गोल करायचा. भाषेची अडचण इथेच निम्मी सुटते.

बदलायला सैल पायजमा-सदरा देतात. मग जाड गादीवर किंवा पलंगावर पालथं झोपायचं. पलंगाला तोंडासाठी भोक असतं आणि त्यावर पातळ कागद. अंगावर एक सुती कापड पसरतात आणि त्या कापडावरूनच दाबतात. अंगठा थेट अंगाला तर नाहीच, अंगातल्या कपड्यांनाही लागत नाही. पहिल्यांदा मला हे उगाच सोवळं वाटलं होतं. नंतर कळलं की कापडामुळे अंगठा घसरत नाही आणि दाब सरळ खाली उतरतो.

सुरुवात बहुधा मानेच्या खालून, मग कण्याच्या दोन्ही बाजूंनी बोट-बोट खाली, कंबर, बसण्याचा भाग (इथे लोक दचकतात, पण दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याचं सगळं दुखणं तिथेच साठतं), मांडीची मागची बाजू, पोटऱ्या, तळपाय. कण्याच्या हाडावर कधीच दाबत नाहीत. मग उताणं करून हात, डोकं, कधी पोट. शेवटी उठून बसवतात, खांदे मागे ताणतात आणि ओंजळीसारखे पोकळ हात जोडून पाठीवर थापट्या मारतात. त्याचा 'पोन् पोन्' असा आवाज येतो, ढोलकीला शाई लागायच्या आधी यावा तसा. तो आवाज आला की समजायचं, संपलं. "ओत्सुकारेसामा देशिता" म्हणतात, म्हणजे 'दमलात हो', आणि छोट्या कपात चहा देतात.

मधल्या वेळात कुणी बोलत नाही. तुम्हीही बोलायची गरज नाही. घोरलात तरी चालतं, निम्मे लोक घोरतात.

कपडे काढावे लागतात का?

शिआत्सु, आन्मा, मोमिहोगुशी यांत नाही. तेलाच्या मसाजात लागतात. तिथे कागदी चड्डी देतात आणि ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच भाग टॉवेलबाहेर ठेवतात. कुणी याहून वेगळं काही सुचवलं तर उठून निघून यावं.

दुखतं का?

थोडं. जपानीत यासाठी खास शब्द आहे, 'इताकिमोचिइ': दुखतंही आणि बरंही वाटतं. पाठीत उठलेली कळ कुणीतरी नेमकी पकडावी आणि आपण "तिथेच, तिथेच" म्हणावं, ते. त्याच्या पुढे जाऊन तुम्ही श्वास रोखायला किंवा पायाची बोटं आवळायला लागलात तर दाब जास्त आहे.

ते विचारतीलच, "त्सुयोसा वा इकागा देस् का?" म्हणजे जोर कसा आहे? तीन उत्तरं पाठ करा. "चोदो इइ देस्", बरोबर आहे. "मो सुकोशि योवाकु", जरा हळू. "मो सुकोशि त्सुयोकु", जरा जोरात. आणि काहीच आठवलं नाही तर "इताइ!", दुखतंय.

तिसरं वाक्य जपून वापरा. इथे आलो त्या पहिल्याच वर्षी स्टेशनाजवळच्या एका स्वस्त दुकानात मी नव्वद मिनिटं घेतली, आणि आपण काय लेचेपेचे आहोत का, या मराठी बाण्याने तीनदा "त्सुयोकु" म्हणालो. त्या पोराने बिचाऱ्याने कोपर लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शर्टाच्या बाहीत हात घालता येईना. मेट्रोच्या तोझाइ लाइनच्या गर्दीत वरची कडी धरायला उजवा हात उठेना, म्हणून डाव्याने धरून गेलो. याला 'मोमिकाएशी' म्हणतात, मळल्याचा उलटा झटका. स्नायूंना सोसवेल त्यापेक्षा जास्त दाब पडला की ते सुजून दुखतात. एक-दोन दिवसांत उतरतं. दुकानाचा दोष थोडा, माझा जास्त. शब्दच जर खास असेल तर मी काही पहिला नव्हे, एवढंच समाधान.

बाईंना बाई मिळेल का?

हो. वेळ ठरवतानाच सांगा: "जोसेइ नो काता ओ ओनेगाइ शिमास्." अगदी रोजची विनंती आहे, कुणाला नवल वाटत नाही. फक्त आयत्या वेळी गेलात तर थांबावं लागेल.

कुणी करून घेऊ नये?

आईवडिलांना घेऊन येणाऱ्यांनी हे नीट वाचा. विमानात बारा-चौदा तास बसून आल्यावर एकच पोटरी सुजली असेल, गरम लागत असेल, दुखत असेल तर चुकूनही दाबून घेऊ नका, आधी डॉक्टर. शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते आणि दाबाने ती सुटली तर फुप्फुसात जाते. "प्रवासाने सुजलाय, जरा चेपून घेते" हे वाक्य मी स्वतःच्या घरात ऐकलं आहे.

हाडं ठिसूळ झालेल्या वयस्कर माणसांच्या पाठीवर जोर नको, बरगडी मोडते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील तर आधी सांगा, नाहीतर अंगभर काळंनिळं होईल. मधुमेहाने पायांची संवेदना कमी झाली असेल तर जोर किती होतोय ते तुम्हालाच कळणार नाही, तळपाय वगळायला सांगा. ताप, ताजी शस्त्रक्रिया, ताजं हाड मोडणं, त्वचेचा संसर्ग असेल तर नाही. कर्करोगाचे उपचार चालू असतील तर डॉक्टरांना विचारून. गरोदरपणात फक्त त्याचं शिक्षण घेतलेल्या परवानाधारकाकडे, आणि तेही डॉक्टरांना विचारून. अंगठा आणि तर्जनीच्या मधला 'गोकोकु' नावाचा बिंदू गरोदर बाईचा दाबत नाहीत, हा तिथला जुना संकेत.

जेवून उठल्याबरोबर नको, आणि साके घेतल्यावर तर नकोच. गरम झऱ्याच्या गावी र्योकानमध्ये, म्हणजे जपानी पद्धतीच्या मुक्कामगृहात, संध्याकाळी तिन्ही गोष्टी एकदम होतात: कढत पाणी, भरपेट जेवण, दारू, आणि मग खोलीत मसाज बोलावायचा मोह. क्रम बदला. आंघोळ, अर्धा तास, मसाज, मग जेवण.

याने आजार बरा होतो का?

आखडलेली मान सैल होते, झोप छान लागते, डोकं हलकं वाटतं. जपान्यांना ज्याचा ध्यासच आहे त्या 'काताकोरी'ला, म्हणजे खांदे दगड होण्याला, उतार पडतो. ऊर्जेच्या वाहिन्या, बिंदू दाबून यकृत सुधारणं वगैरे जे सांगतात ते मी कानाआड करतो. पायात मुंग्या, हातातली शक्ती जाणं, रात्री झोपेतून उठवणारी कंबरदुखी, ही कामं डॉक्टरांची. खुद्द जपानच्या आरोग्य विम्यातही मसाजाचे पैसे अर्धांगवायू, आखडलेले सांधे अशा गोष्टींसाठी आणि डॉक्टरांच्या लेखी संमतीनेच मिळतात. "दमलो" म्हणून मिळत नाहीत.

किती पैसे लागतात? टिप द्यायची का?

ढोबळ हिशेब दहा मिनिटांना हजार येन. स्वस्तातली मोमिहोगुशीची दुकानं तासाला तीन-चार हजारांत बसतात, परवानाधारकाचं उपचारगृह पाच ते आठ हजार, हॉटेलच्या खोलीवर बोलावलं तर त्याच्याही वर. पहिल्यांदा चाळीस मिनिटं पुरे. टिप देऊ नका. पैसे विसरलात असं समजून कुणीतरी जिना उतरून तुमच्यामागे धावत येईल.

त्यापेक्षा मसाजची खुर्ची काय वाईट?

काहीच वाईट नाही. खुर्चीसुद्धा जपानचीच देणगी: ओसाकाच्या एका कारखानदाराने १९५४ साली भंगारातले सुटे भाग जोडून ती बनवली आणि सार्वजनिक स्नानगृहांतून ठेवली. आजही स्नानगृहांत शंभर-दोनशे येनची नाणी टाकून दहा-पंधरा मिनिटं बसता येतं. माझ्या काकांना माणसाचा हात लागलेला आवडत नाही, ते दर मुक्कामात खुर्चीवरच भागवतात. फक्त पोटऱ्यांवर हवेच्या पिशव्या आवळल्या की "सोड, सोड" ओरडतात. तिला मराठी येत नाही.

पुण्या-मुंबईत खरं शिआत्सु मिळेल का?

शिकून आलेले थोडे लोक आहेत, पण आपल्याकडे या विद्येला परवाना नाही, त्यामुळे पाटी कुणीही लावू शकतो. कुठे शिकलात, किती वर्षं, कपड्यांवरून करता का, हे फोनवरच विचारा. तिसऱ्या प्रश्नाला समोरचा हसला किंवा 'जेल' म्हणाला तर फोन ठेवा.

घरी करून पाहता येईल का?

येईल. जपानी मुलं मातृदिनाला 'कातातातकी-केन' देतात: कागदाच्या चिठ्ठ्या कापून त्यावर 'एकदा खांदे थोपटून मिळतील' असं लिहायचं आणि आईने हवी तेव्हा चिठ्ठी फाडायची. माझ्या मुलीने बालवाडीत दहा केल्या होत्या, बायकोने नऊ वापरल्या.

आईला पाठ नसलेल्या स्टुलावर बसवा. मागे उभे राहा. मान आणि खांद्याचं टोक यांच्या बरोबर मध्ये अंगठ्याची पेरं ठेवा. टोकं नव्हेत, पेरं. कोपर सरळ. हाताने ढकलायचं नाही, स्वतः किंचित पुढे झुकायचं, म्हणजे भार आपोआप जातो. तिने श्वास सोडला की दाब द्यायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, आणि घेतला की सोडायचं. मानेच्या पुढच्या बाजूला आणि कण्याच्या हाडावर अजिबात नाही. पाच मिनिटं खूप झाली. शेवटी पोकळ हातांनी पोन् पोन्.

सुरू करायच्या आधी तेवढी नखं कापा.